इथी बुधरी नाई राहत

मी भांड्यावर नावं टाकते. लग्नात आंदण देतात ना, गंज, गुंड, कोपर, परात, त्याच्यावर मशीननं बारीक बारीक टिंबं पाडून नाव लिहून देते ती सईदा म्हणजे मी. चंद्रपूरले जुन्या परकोटाच्या गेटच्या आत आमचं भांड्याईचं दुकान आहे. दुकान माझ्या नवऱ्याचं, गुलाम रसूलचं, अन् मशीन माझी. आठवड्यातून एक दिवस आम्ही टेम्पोत माल भरतो, वैनगंगा ओलांडतो अन् चामोर्शीच्या बाजारात बसतो.

अन् मले राग येते. हे आधीच सांगून ठेवते, कारण गुलाम रसूल म्हणते की तू गोष्ट सांगत नाईस, भांडण करतेस. बरं, भांडण तं भांडण. बुधरीची गोष्ट न भांडता सांगता येत असन तं त्यानं सांगून दाखवावी.

आधी नावाचं ऐका. नदीच्या दोन्ही काठाले मराठी तेच, भात तोच, शिव्यासुद्धा त्याच. पण नावं अलग. त्या काळात, म्हणजे चौऱ्याण्णव-पंच्याण्णव सालात, चंद्रपूरच्या दुकानात मी मंजुषा, वैशाली, अर्चना टाकून टाकून कटाळली होती. अन् नदी ओलांडली की सुकलू, सोमाजी, मंगरी, बुधरी. ज्या वारी जलम झाला त्या वाराचं नाव. सोमवारचा सोमाजी, शुक्रवारचा सुकलू, बुधवारची बुधरी. चंद्रपूरची फॅशन नदी ओलांडायले आठ-दहा वर्षं घेते, अन् ते नाव चामोर्शीले पोचते तवा चंद्रपूरवाल्याईनं ते कवाच टाकून दिलं असते. यात कोणी शहाणं नाई अन् कोणी येडं नाई. इकडे एक भाजी आवडते, तिकडे दुसरी. पण आमच्या चंद्रपूरच्या लोकाईले वाटते, आपलं ते नाव अन् दुसऱ्याचं ते हसू. तिथीच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बुधरी मुलचेऱ्याकडच्या एका गावची. बाप सोमाजी, धानाची शेती. माय गुणाबाई. मी तिले पोट्टी असल्यापासून पाह्यली आहे, मायसंगं बाजारात यायची. काळीसावळी, उंच, हसली की कपाळावर हात मारून हसायची. बोलायची तं अशी, की समोरच्या मिरचीवालीनं वजन करायचं सोडून ऐकत बसावं. धानाच्या बांधीत मासोळ्या कशा धरल्या ते सांगताना ती स्वतःच मासोळी व्हायची अन् स्वतःच धरणारी. बाजारात दुरून गुणाबाईनं "बुधरी, वं बुधरी" अशी हाक मारली, की ही तिकडून "आली वं माय" म्हणून ओरडायची, अन् आख्ख्या बाजाराले माहीत व्हायचं की बुधरी आली.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. पोरगा चंद्रपूरचा, कोळशाच्या खाणीत नोकरीवर. घर आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. सासरा लटारूभाऊ, गरीब गाय. सासू गिरजाबाई. तिच्याबद्दल मी काही बोलत नाई, पुढं कळनच.

गिरजाबाईनं निरोप धाडला की आंदणाच्या सबन भांड्याईवर 'मंजुषा' टाका. म्हणे, आमच्यात सुनेचं नाव बदलतात, अन् बुधरी हे नाव चंद्रपूरले चालत नाई, गल्लीतले लोक हसतीन. आता गंमत ऐका. ही गिरजाबाई स्वतः नदीपलीकडची. माहेरी तिले सुकरी म्हणत, शुक्रवारची म्हणून. लग्नात तिच्या सासूनं तिची गिरजा केली. जिचं स्वतःचं नाव पुसलं, तीच बाई दुसरीचं पुसायले हात धुऊन बसली. अरे, तुले माहीत आहे ना कसं लागते ते? मंग?

चामोर्शीच्या बाजारात सोमाजीनं मान खाली घालून भांडे घेतले अन् मंजुषा टाका म्हणाला. पोरीच्या बापाचं काय चालते. मी टाकत गेली. गंज झाला, परात झाली, कोपर झालं. गुणाबाई बाजूले बसून पाहत होती. सोमाजी बिडी आणायले गेला, तशी तिनं पदराखालून एक पितळेचा गुंड काढला, पाणी भरायचा, अन् माझ्यासमोर ठेवला.

"ह्याच्यावर बुधरी टाक."

मी म्हटलं, "आडनाव?"

"आडनाव बदलते, गाव बदलते. फक्त बुधरी टाक. खोल टाक."

मी खोल टाकलं. आमच्या धंद्यात एक गोष्ट आहे, एकदा टिंब पडलं की ते जात नाई. घासा, राखेनं चोळा, चिंच लावा, भांडं चमकन पण नाव तिथीच राहीन.

लग्नाले मी गेली होती. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यात 'मंजुषा' लिहिलं, लोकाईनं टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. बुधरीले कोणी विचारलं नाई. ती ताटाकडे अशी पाहत होती, जसं ते दुसऱ्या कोणाचं ताट चुकून तिच्यासमोर आलं. अन् तांदळातलं नाव ते केवढं? दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते तांदूळ शिजवून खाल्ले असन. आमच्या मुसलमानात निकाहात नाव बदलत नाई. मी जलमली तवा सईदा, निकाह झाला तवा सईदा, मरीन तवाही सईदाच. आमच्यातलं बाकीचं काय काय आहे ते मले माहीत आहे, त्याच्यासाठी मी वेगळी भांडते. पण नावाले कोणी हात लावला नाई, एवढं खरं.

आता त्या पोरीची गत पाहा. गिरजाबाई घरातून हाक मारायची, "मंजुषा." ही भांडे घासत बसलेली. दुसरी हाक. ही घासतेच. तिसऱ्या हाकेले दचकून उठायची. ऐकू येत नव्हतं असं नाई. तिले कळायचंच नाई की ही हाक आपल्याले आहे. गल्लीतल्या बाया म्हणायले लागल्या, लटारूभाऊची सून जरा बहिरी आहे. गिरजाबाईनं काय करावं? तिले कानाच्या डॉक्टरकडे नेलं. खोटं नाई सांगत. डॉक्टरनं कानात बत्ती घालून पाह्यलं अन् म्हणाला, कान एकदम चांगले आहेत. गिरजाबाई परत जाताना माझ्या दुकानात येऊन म्हणे, डॉक्टरले काही समजत नाई. माझ्या हातात तवा मशीन होती म्हणून बरं, नाई तं मी तिथीच काही बोलून बसली असती.

पहिल्या दिवाळीले गुणाबाई आली. मुलचेऱ्याहून एसटीनं, दोन ठिकाणी गाडी बदलून, डोक्यावर नव्या धानाच्या पोह्याईचं गाठोडं. गल्लीत शिरली अन् दारासमोर उभी राहून तिच्या त्या बाजारातल्या आवाजात हाक मारली, "बुधरी, वं बुधरी."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. बुधरी हातातलं टाकून धावली होती. पण दारात आधी गिरजाबाई पोचली. दोन्ही हात चौकटीले लावून उभी राह्यली अन् गल्लीतल्या सबन बायाईसमोर म्हणाली, "इथी बुधरी नाई राहत. मंजुषा राह्यते. तिच्या नावानं हाक मारा, मंग आत या."

गुणाबाईनं गाठोडं पायरीवर ठेवलं. सासूच्या हाताखालून बुधरीचं अर्धं तोंड दिसत होतं, तिकडे एकदा पाह्यलं अन् मागं फिरली. सरळ माझ्या दुकानात आली. तिले पाणी दिलं. म्हणाली, "ज्या घरात माह्या पोरीचं नाव चालत नाई, त्या घरात माहा पाय नाई पडणार." अन् पुढच्या गाडीनं गेली. दिवाळीचा दिवस होता बापा. दिवाळीच्या दिवशी एका मायले दारातून परत धाडली.

त्या पितळेच्या गुंडाचं काय झालं तेही सांगते. गिरजाबाईनं तो मागच्या अंगणात कोंबड्याईच्या पाण्याले ठेवला. लाथा खाऊन खाऊन त्याले पोचे पडले.

मंग मी माझी अक्कल चालवली. गिरजाबाईले म्हटलं, बाजाराच्या दिवशी मले हाताखाली एक बाई पाहिजे, तुमची सून देता का, उधळी नाई, कामाची आहे. गिरजाबाईले सून कामाची आहे हे ऐकायले आवडते. हो म्हणाली. तवापासून बुधरी आमच्या टेम्पोत बसून चामोर्शीले यायची अन् तिकडून गुणाबाई यायची. माझ्या दुकानामागं बारदान टाकलं होतं, त्याच्यावर दोघी बसायच्या. गुणाबाई प्रत्येक वाक्यात नाव घ्यायची, गरज असो का नसो. "बुधरी, हे घे. बुधरी, तू वाळली वं. बुधरी, पाणी दे." जसं आठवडाभराचं एकदाच भरून द्यायचं आहे. अन् बुधरी टेम्पोतून उतरली की चंद्रपूरची गुपचूप बाई राहायची नाई, कपाळावर हात मारून हसायची.

पण हे काही घर नाई ना. बाजार आहे. बुधरीले एकच पाहिजे होतं. मायनं एकदा आपल्या घरात यावं, बुधरी म्हणून हाक मारावी, अन् आपल्या चुलीजवळ बसून आपल्या हातचं जेवावं. बस. सोनं नाई मागितलं. गुणाबाई तिले विचारायची, तुहं सैपाकघर कोणत्या अंगाले आहे, खिडकीतून काय दिसते, तू झोपतेस तिथी हवा येते का. पोरीचं घर तिले असं बारदानावर बसून ऐकावं लागे. बुधरी एकदा रडकुंडीले येऊन म्हणाली, "माय, एक वेळ मंजुषा म्हण ना अन् ये ना आत." गुणाबाई म्हणाली, "मी तुले मंजुषा म्हटलं तं मंग तुले बुधरी म्हणणारं राहीन कोण?" अन् गिरजाबाईले विचारलं तं तिचं ठरलेलं, "माह्या घरातल्या सुनेचं नाव मी ठेवीन." अशी वर्षं गेली. बुधरीले दोन लेकरं झाली, बाळंतपणं माहेरी झाली, ती लेकरंही शाळेत जायले लागली, पण गुणाबाई ती पायरी काही चढली नाई.

आता प्रफुलचं ऐका. प्रफुल म्हणजे गिरजाबाईचा लहान पोरगा, बुधरीचा दीर. लग्नात हाफपँटमधी होता. बीए झाला, इंग्रजी बरं होतं, दोन हजार दोनमधी पुण्याले कॉल सेंटरात लागला. गिरजाबाईचे पाय जमिनीवर नव्हते. माझा प्रफुल अमेरिकेशी बोलते, माझा प्रफुल लंडनशी बोलते. गल्लीत मीठ मागायले गेली तरी हेच. मी म्हटलं, बोलू दे, पोरगं मेहनती आहे.

सुट्टीवर आला तवा तो आमच्या दुकानात आला, बुधरीही होती. मी सहज म्हटलं, काय रे, तिकडचे लोक तुले प्रफुल म्हणतात का परफ्यूम? तो हसला अन् म्हणाला, "भाभी, प्रफुल कोण म्हणू देते? तिथी माही दोन नावं आहेत. संध्याकाळी इंग्लंडचे फोन राहतात, तवा मी नायजेल. रात्री अमेरिकेचे, तवा मी ब्रॅड."

मी म्हटलं, "दोन कायले? दोघंही इंग्रजीच बोलतात ना?"

मंग तो सांगत बसला. म्हणे, भाषा एक आहे पण बारशाची आवड एक नाई. नायजेल हे इंग्लंडात ठीक, तिकडे प्रत्येकाच्या ओळखीत एखादा नायजेल निघते. अमेरिकेत नायजेल सांगितलं की लोक म्हणतात, असं नाव आम्ही फक्त टीव्हीवर ऐकलं. अन् ब्रॅड अमेरिकेत घरोघरी, पण एकदा चुकून इंग्लंडच्या फोनवर ब्रॅड बोलून गेलो तं समोरचा म्हातारा म्हणाला, काय रे, तू अमेरिकेतून बोलतोस का? अन् त्यातही जुनं-नवं आहे. नायजेल म्हणजे तिकडे काकालोकाईचं नाव झालं, आताच्या पोट्ट्याईचं कोणी ठेवत नाई. एक म्हातारी त्याले म्हणाली, तुझा आवाज नायजेलसारखा नाई, लहान वाटतोस, माझा दीर नायजेल आहे अन् त्याले टक्कल आहे. आता म्हणे इंग्लंडात पोरगं झालं की जॅक, अमेरिकेत झालं की जेकब. काही नावं समुद्र ओलांडतात, काही ओलांडतच नाईत.

मी म्हटलं, "म्हणजे आपली वैनगंगाच झाली."

बुधरी भांडं पुसता पुसता थांबली. तिनं विचारलं, "प्रफुलभाऊ, ते नायजेल म्हणून हाक मारतात तवा तुम्हाले कळते का, की आपल्याले मारली?"

प्रफुलनं तिच्याकडे पाह्यलं. म्हणाला, "पहिले नाई कळायचं, वहिनी. साहेब म्हणायचा, बहिरा आहेस का."

प्रफुल जाताना म्हणाला, हे आईले सांगू नका, ती कंपनीत येऊन भांडन. आम्ही नाई सांगितलं.

दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपता संपता, एका संध्याकाळी लटारूभाऊच्या छातीत कळ आली. मोठ्या पोरानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. लटारूभाऊ एकच म्हणून राह्यला होता, प्रफुलले बोलवा. आमच्या दुकानात तवा पिवळ्या पाटीचा एसटीडी फोन होता. गिरजाबाई अनवाणी धावत आली, मागं बुधरी. प्रफुलनं कंपनीचा नंबर देऊन ठेवला होता, स्वतःचा मोबाइल तिथी आत नेऊ देत नाईत म्हणे. गुलाम रसूलनं नंबर फिरवून दिला.

गिरजाबाई फोनमधी ओरडून बोलत होती, जसं आवाजानंच पुण्याले पोचायचं आहे. "प्रफुलले द्या. अवो, प्रफुल. मी त्याची माय बोलून राह्यली. चंद्रपूरवरून. प्रफुल!" मंग ती ऐकत राह्यली अन् तिचं तोंड पांढरं पडलं. रिसिव्हर हातात तसाच धरून आमच्याकडे पाहत म्हणाली, "ती पोरगी म्हणते, इथी प्रफुल कोणी नाई."

मी बुधरीकडे पाह्यलं. बुधरीनं माझ्याकडे पाह्यलं. खरं सांगते, माझ्या मनात तवा दया नव्हती. मी असती ना, तं आधी म्हटलं असतं, बाई, त्या दिवाळीची आठवण आहे का? आधी वदवून घेतलं असतं, मंग तोंड उघडलं असतं. एवढ्या वर्षांनी डाव हातात आला होता. पण बुधरी माझ्यासारखी नाई. तिनं पहिले भिंतीवरच्या घड्याळाकडे पाह्यलं.

"आत्याबाई, आता संध्याकाळ आहे. म्हणजे इंग्लंडचे फोन. आता ते नायजेल असतीन. नायजेलले द्या म्हणा."

"कोण?"

"नायजेल. तिथी त्यांचं ते नाव आहे. रात्र असती तं ब्रॅडले द्या म्हटलं असतं."

गिरजाबाईले ते पटेचना. ती फोनमधी पुन्हा म्हणाली, "माह्या प्रफुलले द्या." तिकडून फोन ठेवून दिला. गुलाम रसूलनं पुन्हा लावला. बुधरीनं सासूच्या हातावर हात ठेवला अन् हळूच म्हणाली, "म्हणा, आत्याबाई. मामंजी वाट पाहून राह्यले."

अन् गिरजाबाईनं म्हटलं. "नायजेलले द्या." म्हणताना तिची जीभ अडखळली. दोन-चार मिनिटं गेली. मंग तिकडून तिच्या पोटच्या पोराचा आवाज आला, अन् तो पहिले इंग्रजीत बोलला, अन् त्याच्यात ते नायजेल होतंच. गिरजाबाईच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. "मी होय रे. तुही माय होय."

प्रफुल दुसऱ्या दिवशी रेल्वेनं पोचला. लटारूभाऊ वाचला. खाटेवर उठून बसला अन् चहा मागू लागला, तवा गिरजाबाईले सवड भेटली, अन् तिचा तो राग निघाला. आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून तिनं कंपनीचा उद्धार केला. बारसं मी केलं. नात्यातले सबन लोक जेवू घातले. प्रफुल नाव मी ठेवलं, मी. अन् हे कोण कुठले, माझ्या पोराले नायजेल करणारे? लोकाईले जड जाते म्हणून नाव बदलायचं? हसतीन म्हणून? अन् माय दारात हाक मारते तं म्हणायचं, इथी प्रफुल नाई? माणसं आहेत का जनावरं?

बुधरी तिथीच होती, पोरीची वेणी घालत होती. तिनं मान वर केली नाई. तिनं तोंडाले कुलूप लावलं होतं, पण माझ्या तोंडाची किल्ली कवाच हरवली आहे. मी मशीन खाली ठेवली.

"गिरजाबाई, कंपनीनं वाईट केलं, एकदम वाईट केलं. पण तिथल्या पोरीनं जे म्हटलं ते शब्द तुम्हाले ओळखीचे नाई वाटले? इथी बुधरी नाई राहत. हात चौकटीले लावून म्हटलं होतं तुम्ही. तुमचा पोरगा निदान ड्यूटी सुटली की बसमधी बसून प्रफुल होते. हिले तं सुट्टीच नाई. अन् तुम्ही, सुकरीबाई, तुम्ही तरी असं करायचं होतं?"

तिले त्या नावानं कोणी हाक मारून किती वर्षं झाली असन कोण जाणे. ती उठली, चपला घातल्या अन् घरी गेली. गुलाम रसूल म्हणाला, गिऱ्हाईक तोडलंस. मी म्हटलं, तुटू दे. ज्याचं जळते त्याले कळते, पण काही लोकाईले दोनदा जळल्याशिवाय कळत नाई.

आता कोणाले वाटन की गिरजाबाई दुसऱ्या दिवशी बदलली. काही नाई बदलली. सुंभ जळला तरी पीळ जात नाई. आठ दिवस ती सुनेले कोणत्याच नावानं हाक मारेना. "अवं" म्हणायची.

पण आपल्याकडे एक रीत आहे. व्याही आजारी पडला तं समाचाराले जावंच लागते, वैर असलं तरी. बाजारात बुधरीनं मायले सांगितलं होतं, मामंजी असे असे मरता मरता वाचले. गुणाबाई रीत मोडणारी बाई नाई. ती आली. मी तिले आमच्या दुकानावरून जाताना पाह्यलं अन् मशीन तशीच टाकून मागं गेली. म्हातारी झाली होती, वाकली होती, पण गल्लीत शिरल्यावर पायरीपासून चार हात दूर उभी राह्यली, जिथी मागं उभी होती तिथीच. अन् हाक मारली.

"बुधरी, वं बुधरी."

गल्लीतल्या बाया दारात आल्या. गिरजाबाई चौकटीत आली. या वेळेस तिनं हात चौकटीले लावले नाई, पदराले पुसत राह्यली.

"आहे," ती म्हणाली. "घरात आहे."

गुणाबाई हलली नाई. "कोण आहे?"

गिरजाबाई काहीतरी पुटपुटली.

"ऐकू नाई आलं, विहीणबाई," गुणाबाई म्हणाली. "माह्या पोरीचे कान तुम्ही डॉक्टरले दाखवले होते. आता माहे दाखवा, नाई तं जोरानं बोला."

कोणीतरी हसलं. गिरजाबाईनं डोळे मिटले अन् आख्ख्या गल्लीले ऐकू जाईन असं म्हणाली, "बुधरी राह्यते इथी. या आत."

तवा गुणाबाई पायरी चढली. दारात बुधरी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. कोंबड्याईजवळचा तो गुंड तिनं कवा घासून आत आणून ठेवला मले माहीत नाई, पण पाणी त्याच्यातलंच होतं. गुणाबाईनं आत शिरून गुंडावरून बोट फिरवलं, टिंबं लागली, पोचेही लागले. "पोचे कोणं पाडले?" म्हणून तिनं विचारलं, अन् गिरजाबाई चहा ठेवायले आत गेली. माफी बिफी कोणी मागितली नाई. एवढ्यासाठी, तीन अक्षरांसाठी, एका पोरीचं सबन तरुणपण बाजारातल्या बारदानावर गेलं, अन् लोक वरून म्हणतात, सुटलं ना शेवटी, गोड झालं ना. कायचं गोड? मले तं आजही त्या दारावरून जाताना दगड मारावासा वाटते.

जेवायले मलेही बसवलं. बुधरीनं भात केला होता, वरण, अन् वांग्याची भाजी. गुणाबाई चुलीजवळ पाटावर बसली, खिडकीतून काय दिसते ते एकदा वाकून पाह्यलं, मंग पहिला घास घेतला. चावला. गिळला.

"बुधरी," ती म्हणाली, "मीठ दे."

भाजीत मीठ बरोबर होतं. मी चाखली होती.